बारा फ्लॅटांची वही

९ जून २०२३
नवी जागा, नवी वही. गोव्यातल्या डिचोली नगरपालिकेच्या हद्दीत १,५०० चौरस मीटर, रस्त्याला लागून. तीन आंबे, मागच्या कोपऱ्यात एक कौलारू घर. भाटकारांना, म्हणजे जमीनमालकांना, जमीन विकायची नाही, फ्लॅटांच्या बदल्यात द्यायची आहे. आमच्यासारख्या लहान बिल्डर फर्मला हेच परवडतं. बांधकामाला बँक कर्ज देते, पण बिल्डरला जमीन घ्यायला देत नाही, रिझर्व्ह बँकेची तशी मनाई आहे. मग जमिनीचा पैसा एकतर घरचा, नाहीतर खाजगी फायनान्सचा. त्या व्याजाखाली लहान बिल्डर परवाने हातात यायच्या आधीच दबून जातो.

झोनिंगच्या दाखल्यावर सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा झोन आहे. हे मी आधी पाहिलं, नकाशे नंतर. नगर नियोजन कायद्यात याच वर्षी १७(२) कलम आलं आहे, आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करून झोन बदलून मिळतो. दोन दलाल रोज फोन करतात, शेतजमीन स्वस्तात देतो, झोन बदलून घ्या म्हणून. आमच्या थोरल्या भागीदारांना, भाईंना, मी स्पष्ट सांगितलं, ज्या जमिनीचा झोन कोर्टात टिकेल की नाही याची खात्री नाही, तिथं लोकांची आयुष्याची कमाई गुंतवायला मी बसणार नाही.

उताऱ्यावर अजून भाटकारांच्या वडिलांचं नाव. ते जाऊन एकोणीस वर्षं झाली. भावंडं चार, म्हणजे सह्या आठ. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे चालत आलेला कायदा असा आहे की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको दोघांची मालमत्ता एक. पुण्याला असलेल्या धाकट्या बहिणीचे यजमान फोनवर म्हणाले, "सासऱ्यांच्या जमिनीत माझं काय काम?" त्यांची सही नसेल तर दस्त लंगडा, हे समजावायला अर्धा तास गेला. वारसा दस्त आधी, करार मग.

२४ जुलै २०२३
कोपऱ्यातल्या घरात आजी राहतात. सासऱ्यांच्या काळापासून त्यांचं कुटुंब भाटाची राखण करत आलं. भाटकार म्हणाले, "म्हातारी एकटीच आहे, तिला एक खोली देऊ." आजींना मी विचारलं. त्या पडवीत बसून फणसाच्या आठळ्या निवडत होत्या. म्हणाल्या, "बाय, मला वरच्या मजल्यावरची खोली नको. माझी तुळस खालीच राहू दे."

भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. १९७५च्या मुंडकार कायद्यानं आजींना घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क आहे, पालिका हद्दीत २०० चौरस मीटर. वकिलांचं आणि माझं एकच मत पडलं: मामलेदाराकडून आजींची खरेदी आधी पुरी करून द्यायची आणि उरलेल्या १,३०० मीटरवर प्रकल्प आखायचा. भाईंनी लगेच हिशेब मांडला. एफएआर ८०, जमिनीच्या ८० टक्के बांधकाम करता येतं, म्हणजे २०० मीटरमागे १६० मीटर बांधकाम गेलं, दोन फ्लॅट गेले. हिशेब बरोबरच आहे. पण ते दोन फ्लॅट आपले कधी नव्हतेच. आजींना डावलून इमारत उभी केली असती तर पुढं एका अर्जावर सगळं काम अडलं असतं, आणि अडायलाच हवं होतं.

१८ डिसेंबर २०२३
जॉइंट डेव्हलपमेंटचा करार सब-रजिस्ट्रारकडे नोंदला. आठही जण हजर, पुण्याचे यजमानसुद्धा. बारा फ्लॅटांपैकी भाटकारांच्या कुटुंबाला तीन, वर ३० लाख रोख. त्यातून १० टक्के टीडीएस कापला. त्यांच्या सीएनं आयकराचं कलम ४५(५अ) समजावून सांगितलं: जमीन आज दिली तरी भांडवली नफ्याचा कर पूर्णत्वाचा दाखला येईल त्या वर्षी भरायचा. भाटकारांच्या थोरल्या बहिणीला रात्रभर झोप नव्हती म्हणे, कराला पैसे आणायचे कुठून म्हणून. २०१७ आधी हा प्रश्न खराच होता, हातात फ्लॅट नाही आणि कराची नोटीस दारात.

२१ मे २०२४
जमीन बिगरशेती केल्याची सनद आली. नगर नियोजनाचं टेक्निकल क्लिअरन्स आलं. वीज खातं, आरोग्य केंद्र, पाणी, वन खात्याकडून दोन आंबे तोडायचा परवाना (तिसरा राहतो, पार्किंगची एक जागा त्याच्यासाठी सोडली). पालिकेचा बांधकाम परवाना बाकी. इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्स भरला, एक टक्का कामगार सेस भरला. वर्ष होत आलं. जमिनीवर अजून कुदळ पडलेली नाही, आणि भागीदारांचे ४१ लाख खर्ची पडले आहेत. घर महाग का, असं मला नातेवाईक विचारतात तेव्हा मी या वर्षाबद्दल सांगते. चिरे आणि सिमेंट लोकांना दिसतं, हे वर्ष कुणाला दिसत नाही.

१२ सप्टेंबर २०२४
चवथीनंतरचा पहिला कामाचा आठवडा. परवाना हातात. रेरासाठी, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या नोंदणीसाठी, अर्ज भरला. ५०० चौरस मीटरहून मोठा भूखंड किंवा आठांहून जास्त फ्लॅट असले की नोंदणी हवीच, आमचं दोन्हीत बसतं.

गावातले एक गृहस्थ मोदकांचा डबा घेऊन ऑफिसात आले, पाच लाखांचा चेक खिशात. "माझा फ्लॅट धरून ठेवा." घेतला नाही. रेराचा नंबर येईपर्यंत जाहिरात नाही, बुकिंग नाही, विक्री नाही. ते जरा नाराज झाले, म्हणाले दुसरीकडे तर प्री-लाँचला सूट देतात. मी त्यांना बसवून सांगितलं: काका, नंबर नसताना दिलेल्या पैशाला पावती असते, संरक्षण नसतं. मोदक मात्र ठेवून घेतले.

दुपारी भाव ठरवायची बैठक. दोन बेडरूमचे नऊ, तीन बेडरूमचे तीन. भाईंच्या मनात दोन बेडरूमला ४८ लाख होते. मी आकडे मांडले. महानगरांबाहेर ९० मीटरपर्यंत कार्पेट (आतलं वापरायचं क्षेत्र) आणि ४५ लाखांपर्यंत एकूण किंमत असेल तर जीएसटी १ टक्का, नाहीतर ५. ४८ लाखांवर ग्राहक ५० लाख ४० हजार देणार. ४४ लाख ७५ हजार ठेवले तर ४५ लाख २० हजारांच्या आत. आपल्याला सव्वातीन लाख जास्त मिळावेत म्हणून त्यानं पाच लाखांहून जास्त मोजायचे, आणि मधला कर आपल्या हाती लागत नाही. शिवाय इनपुट क्रेडिट, म्हणजे मालावर भरलेला जीएसटी वळता करून घेणं, दोन्हीकडे नाही. पार्किंग आणि बाकी चार्जेस धरून एकूण ४५च्या आत राहायला हवं, 'मीटरचे वेगळे, पार्किंगचे वेगळे' अशी वाढ मागून चालत नाही. ४४.७५ ठरले. तीन बेडरूमचे ६२.

४ नोव्हेंबर २०२४
रेराचा नंबर आला. ऑफिसच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला.

आज बँकेत दोन खाती उघडली. ग्राहकाकडून येणाऱ्या पैशातले ७० टक्के पहिल्या खात्यात जातील. तिथला रुपया फक्त याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्चायचा, तोही काम जितकं पुढं गेलं तितकाच काढायचा. काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए तिघांचे दाखले लागतात. उरलेल्या ३० टक्क्यांत ऑफिस, जाहिरात, व्याज, पगार. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ऑडिट.

या धंद्यात मी चौदा वर्षं आहे. रेराचा २०१६चा कायदा यायच्या आधीही मी हेच काम करत होते, एका दुसऱ्या फर्ममध्ये. तिथं एकच खातं होतं. एका इमारतीच्या बुकिंगवर दुसरीचा पाया भरला जायचा, दुसरीच्या बुकिंगवर तिसरीची जमीन. तिसरीची विक्री थांबली तेव्हा पहिलीला लिफ्ट बसवायला पैसे नव्हते. सत्तरी ओलांडलेल्या एका जोडप्याला चौथ्या मजल्यावर पिशव्या घेऊन चढताना मी दोन वर्षं पाहिलं. विचारलं की आम्ही 'पुढच्या महिन्यात' सांगायचो. मीही सांगितलं आहे.

२६ नोव्हेंबर २०२४
बांधकाम कर्ज मंजूर, १ कोटी २० लाख, साडेअकरा टक्के.

पूर्ण चित्र असं आहे. खर्च ३ कोटी ८५ लाख: बांधकाम २ कोटी ९७, परवाने आणि सल्लागार २५, भाटकारांना ३०, व्याज २५, जाहिरात ८. विकायला नऊ फ्लॅट, त्यांचे ४ कोटी ३७ लाख. नफा ५२ लाख, तोही तीन वर्षांनी आणि सगळं वेळेत झालं तर. पैसा तीन ठिकाणांहून यायचा: भागीदार ९० लाख, बँक १ कोटी २०, ग्राहक १ कोटी ७५. भागीदारांचा पैसा आधीच गेला. बँक काम बघून हप्त्यानं देते आणि पहिल्या दिवसापासून व्याज लावते. ग्राहकाचा पैसा बिनव्याजी, म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. पण तो स्लॅबच्या मागून चालतो, पुढून नाही.

जमीन आणि इमारत बँकेकडे गहाण. प्रत्येक फ्लॅट विकताना या बँकेची ना-हरकत लागेल, नाहीतर ग्राहकाची बँक त्याला कर्ज देणार नाही. एनओसीचा नमुना मी आजच मागून घेतला.

१४ डिसेंबर २०२४
१०३ नंबरचं बुकिंग. बाई नर्स आहेत, सरकारी नोकरी. यजमानांचे खाणीवर दोन टिपर होते. २०१८च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून खाणी बंद, आणि डिचोली-सत्तरीतल्या शेकडो घरांसारखं यांचंही घर एका पगारावर आलं. एक टिपर बँकेनं ओढून नेला. त्या कर्जाचा डाग यजमानांच्या नावावर, म्हणून गृहकर्ज बाईंच्या एकटीच्या पगारावर करावं लागणार.

त्यांना मी कागदावर लिहून दिलं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ३५ लाख ८०. स्वतःचे ८ लाख ९५ आधी घालायचे. स्टॅम्प आणि नोंदणी कर्जात धरत नाहीत, ते वेगळे. वीस वर्षांना साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण ३१,०००. ताबा मिळेपर्यंत उचललेल्या रकमेवर फक्त व्याज, पण तेव्हा सध्याचं घरभाडंही चालूच. हे शेवटचं कुणी सांगत नाही. त्यांनी ते वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित केलं.

बुकिंगला १० टक्केच घेतले. नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंटआधी त्याहून जास्त घेता येत नाही.

दलालानं त्यांना 'एक हजार स्क्वेअर फूट' सांगितलं होतं. अ‍ॅग्रीमेंटवर मी ६४ चौरस मीटर कार्पेट दाखवलं, ६८९ फूट. आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. बाईंचा चेहरा उतरला. जाऊ द्या म्हणून उठतील असं वाटलं. उठल्या नाहीत. म्हणाल्या, "निदान आत्ता तरी कळलं."

१० जानेवारी २०२५
प्लिंथ, म्हणजे जोतं, पुरं. वाळवीचं औषध मारलं. प्लिंथचे १५ टक्के मागायची पत्रं गेली.

७ फेब्रुवारी २०२५
रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा व्याजदर, ६.५० वरून ६.२५. जवळजवळ पाच वर्षांनी कपात. दिवसभरात सहा चौकशा. पाचवा फ्लॅट गेला: आता दोन बेडरूमचे चार, तीन बेडरूमचा एक. तीन बेडरूमवाल्यांना टीडीएसचं सांगितलं, ५० लाख आणि वर असेल तर एक टक्का त्यांनीच कापून भरायचा.

२७ फेब्रुवारी २०२५
स्टिल्टवरचा (खाली नुसते खांब आणि पार्किंग) पहिला स्लॅब भरला. सकाळी सातला सुरू, दुपारी साडेतीनला संपला.

१९ मार्च २०२५
शिगम्याचे ढोल अजून वाजताहेत. भाई पेडण्याला जाऊन आले. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिथले भाव ऐकून माणूस आपलं शांत काम विसरतो. त्यांना एक जागा आवडली आहे, २० लाख आगाऊ हवेत, आठवड्यात. ७० टक्क्यांच्या खात्यात ३२ लाख आहेत.

"एप्रिलमध्ये परत ठेवू," भाई म्हणाले. "कुणाला कळणार?"

मी म्हणाले, "भाई, तो पैसा आपला नाही. खातं आपल्या नावाचं आहे इतकंच." ते गप्प राहिले. नंतर म्हणाले, तू माझ्यावर विश्वास ठेवत नाहीस. तसं नाही. भाईंइतका सरळ माणूस या धंद्यात मी पाहिलेला नाही, म्हणूनच मी इथं आहे. पण त्या जुन्या फर्मचे शेठही सरळच होते, आणि तेही दर वेळी 'परत ठेवू' असंच म्हणायचे.

योगायोग असा की गेल्याच आठवड्यात हायकोर्टानं १७(२)चे नियम रद्द ठरवले. पेडण्याच्या जागेचा झोन त्याच कलमाखाली बदलून घेतलेला निघाला. वकिलांचा फोन संध्याकाळी आला. भाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

२६ मार्च २०२५
दुसरा स्लॅब. सविस्तर लिहून ठेवते.

रेडिमिक्सच्या गाड्या बारा. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे ७० घनमीटरला पाच नमुने, प्रत्येकी तीन क्यूब (दाबून बघायचे ठोकळे) अठ्ठाविसाव्या दिवसाच्या चाचणीसाठी, सातव्या दिवसाचे वेगळे. सहाव्या गाडीपर्यंत ठीक. सातवी रस्त्यात मिरवणुकीपायी अडकली, पावणेदोन तास उशिरा आली, बाराच्या उन्हात. माल घट्ट झालेला. मी वर स्लॅबवर बीमच्या सळ्यांचं कव्हर बघत होते. खालून पाण्याचा आवाज आला म्हणून वाकून पाहिलं तर ड्रायव्हरनं क्युअरिंगचा पाइप ड्रममध्ये सोडलेला. धावत खाली आले तोवर अर्ध्याहून जास्त माल पंपात गेला होता. उरलेला परत पाठवला. आठवी गाडीही उशिराचीच, तिचा स्लंप घेतला (कोनाच्या साच्यात भरून माल किती बसतो ते पाहिलं) तर कोन उभा राहायच्या ऐवजी शेणाच्या पोहासारखा बसला. तीही परत.

सातव्या गाडीचा माल कुठं पडला ते नकाशावर लाल पेन्सिलीनं रंगवलं: वायव्य कोपरा, १०२ आणि १०३च्या मधली पट्टी. तिचे क्यूब वेगळे ठेवले. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, एवढ्यानं काय होतं, क्युअरिंग नीट करू." सिमेंटला लागतं त्याहून जास्तीचं पाणी उडून जातं आणि जागा रिकामी ठेवून जातं. त्या रिकाम्या जागेतून आमच्या दमट हवेतला ओलावा सळीपर्यंत पोचतो. हे आज दिसत नाही. पंधरा वर्षांनी छतातून पोपडे गळतात तेव्हा दिसतं, आणि तेव्हा कुणाची सही होती हे कुणाला आठवत नाही.

२ एप्रिल २०२५
सात दिवसांचे क्यूब. चार नमुने १७ ते १९ (न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर). सातव्या गाडीचा १२.८. टेकू काढायचे नाहीत.

२३ एप्रिल २०२५
अठ्ठावीस दिवस झाले. आमचं काँक्रीट एम२५, त्याला २५ हवेत. चार नमुने २८च्या वर, सातवी गाडी २०.९.

स्ट्रक्चरल इंजिनिअरनी सही थांबवली. त्या एका सहीवर आता दोन दारं बंद झाली. दुसऱ्या स्लॅबचं मागणीपत्र जाणार नाही: पाच फ्लॅटांचे २ कोटी ४१ लाख, दहा टक्के म्हणजे २४ लाख १० हजार अडकले. आणि ७० टक्क्यांच्या खात्यातून काढता येणार नाही, पहिल्या स्लॅबपर्यंतचं काढून झालेलं आहे. समोर मजुरांच्या कंत्राटदाराचे नऊ लाख, लोखंडवाल्याचे चौदा, त्याची ४५ दिवसांची मुदत शनिवारी संपते. बँकेचं व्याज महिना ५७,५००.

धाकटे भागीदार म्हणाले, पत्रं पाठवून द्या, स्लॅब तर पडलेला आहे ना, ग्राहकाला क्यूब कुठं कळतात. बरोबर आहे, कळत नाहीत. म्हणूनच तर पाठवायची नाहीत. १०३च्या बाईंची बँक माझ्या पत्रावर साडेचार लाख सोडणार आणि त्यावर दुसऱ्या दिवसापासून त्यांना व्याज लागणार, त्यांच्याच छताबद्दल आमचे इंजिनिअर साशंक असताना. मी पत्रं काढली नाहीत. काढणारही नाही म्हणाले.

भाई उठून बाहेर गेले, आंब्याखाली बराच वेळ उभे होते. परत येऊन म्हणाले, "माझी एक एफडी आहे. ती मोडतो."

२९ एप्रिल २०२५
लाल पट्टीतून तीन कोर, म्हणजे तयार स्लॅबमधून कापलेले नमुने, काढले. भाईंचे पंधरा लाख आले. मजुरांचे पूर्ण दिले, लोखंडवाल्याला सहा लाख आणि उरलेल्यासाठी महिन्याची मुदत. उद्या अक्षय्य तृतीया. मार्केटिंगच्या पोरानं 'आजच बुक करा' लिहून आणलं होतं. यंदा जाहिरात नाही म्हटलं.

६ मे २०२५
कोरचे निकाल: २१.४, २३.०, २४.९. सरासरी २३.१. नियम असा आहे की सरासरी ८५ टक्के, म्हणजे २१.२५च्या वर हवी आणि एकही कोर ७५ टक्क्यांखाली नको. पास. तरीही इंजिनिअरनी त्या पट्टीत दोन कॉलमच्या मधे एक जास्तीचा बीम सुचवला. खर्च १ लाख १० हजार. केला.

नकाशावर लाल रंग नसता तर कोर कुठं मारायचे? चांगल्या काँक्रीटमध्ये मारले असते, पास झाले असते, आणि ती पट्टी तशीच राहिली असती. संध्याकाळी सही आली, रात्री नऊला पत्रं गेली. सोबत प्रत्येकाला एका पानात काय झालं ते लिहिलं. दोघांचे फोन आले. एकांनी फक्त आभार मानले. दुसऱ्यांनी खूप प्रश्न विचारले, तेही योग्यच होते.

९ मे २०२५
तिसरा स्लॅब. पंधरा दिवस उशिरा. गेटवर आता एक माणूस फक्त गाडीची चिठ्ठी आणि वेळ बघायला. पाण्याचा नळ कुलपात.

२५ मे २०२५
रविवार. मान्सून आज गोव्यात आला असं हवामान खात्यानं जाहीर केलं. वीस तारखेपासून धो धो चालूच होता. वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग आणि सळ्या तयार, त्यावर पाणी साचून पत्र्यांवर गंज उतरलेला. ते पंधरा दिवस एप्रिलमध्ये गेले नसते तर हा स्लॅब आज सुकत असता. मी हे स्वतःला दोनदा म्हटलं, मग म्हणणं सोडलं.

५ जून २०२५
तीन दिवस उघडीप. सळ्या वायर ब्रशनं घासून घेतल्या, पत्रे पुसले, ताडपत्र्या बांबूंवर तयार ठेवल्या. पहाटे साडेपाचला सुरुवात, बाराला संपलं. चारला सर आली, तोवर पृष्ठभाग धरला होता. आजी खालून छत्री घेऊन बघत होत्या. सगळ्यांना चहा त्यांच्याकडून, गुळाचा.

६ जून २०२५
रेपो थेट अर्धा टक्का खाली, ५.५०. फेब्रुवारीपासून पूर्ण एक टक्का उतरला. १०३च्या बाईंचा हप्ता त्या हिशेबानं २९,०००च्या खाली यायला हवा. त्यांच्या बँकेनं दर आपणहून बदललाय का ते विचारायला सांगितलं.

२५ ऑगस्ट २०२५
परवा चवथ. कामगार शनिवारीच कमी झाले. गच्चीवर पाणी कोंडून बघितलं, एका पाइपच्या तळाशी ओल. फोडून पुन्हा केलं. सात फ्लॅट विकले, दोन बाकी. चौकशीला येणारे म्हणतात, ऑक्युपन्सी (राहायला जायचा दाखला) मिळाल्यावर घेऊ, मग जीएसटी नाही. त्यांचं चुकत नाही. पण शेवटचा पैसा लिफ्टला आणि रंगाला लागतो तो ऑक्युपन्सीच्या आधी. बँकेकडून उरलेले २२ लाख उचलले.

२२ सप्टेंबर २०२५
सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८. आम्हाला क्रेडिट नसल्यानं सगळा फरक खर्चातच उतरतो. आता फक्त प्लॅस्टरचं सिमेंट बाकी आहे, तरी बरं.

९ डिसेंबर २०२५
लिफ्टची तपासणी पुढच्या आठवड्यात. पूर्णत्वाचा अर्ज तयार, पालिकेची ऑक्युपन्सी त्यानंतर.

१०३च्या बाई आणि यजमान टेप घेऊन आले. मीच यायला सांगितलं होतं. खोली-खोली मोजली, यजमान आकडे सांगत होते, बाई वहीत लिहीत होत्या. बेरीज ६४.२. दोनदा केली. मग मी त्यांना छताला तो जास्तीचा बीम दाखवला, हॉलच्या कडेला नऊ इंच खाली आलेला. बाई म्हणाल्या, "याच्याखाली देवघर बसेल बरोबर."

यजमानांनी खिशातून रुपया काढला आणि खाली बसून टाइल एकेक वाजवायला लागले. टिपरचे टायर वाजवून बघायची सवय असावी. हॉल ठीक. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आवाज बदलला, पोकळ. मीही कान लावला. एकूण सहा निघाल्या, खडूनं फुल्या मारल्या. एक तिथल्या तिथं उचलायला लावली. खाली माल चारही कोपऱ्यांना होता, मधे तळहाताएवढी जागा कोरडी. बाकीचे अकरा फ्लॅट असेच वाजवून घ्यायचे आहेत, भाटकारांचे तीन धरून. गवंड्याला उद्या सकाळी आठला बोलावलं आहे.